बहिणीचा तांबडा पासपोर्ट

माझी बहीण लाउरी आणि मी एकाच आईच्या, पण बाप वेगळे. माझे वडील वेल्समधल्या आमच्या कॉन्वी गावातच जन्मले, इथल्याच खाडीत शिंपले काढून त्यांनी पोट भरलं, आणि मी तीन वर्षांची असताना ते वारले. मग आईने होलीहेडहून आयर्लंडला जाणाऱ्या बोटीवर काम करणाऱ्या एका आयरिश माणसाशी लग्न केलं. लाउरी चार वर्षांची असताना तो एका सकाळी कामावर म्हणून जो बोटीवर चढला तो परत आलाच नाही. मागे राहिला एक रेनकोट, दाढीचा ब्रश आणि लाउरीचं आडनाव. आम्ही दोघी त्याला 'तो भामटा' म्हणायचो. आपल्याला असला बाप नव्हता याचं चाळीसेक वर्षांनी मला वाईट वाटेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी मिस्टर बेव्हन यांच्या कंपनीत टूर मॅनेजर होते. एप्रिल ते ऑक्टोबर, पन्नास म्हातारी माणसं बसमध्ये घालायची आणि फ्रान्समधून इटलीच्या तलावांपर्यंत न्यायची, आणायची. एकोणीस वर्षं हेच केलं. कुठल्या हॉटेलात लिफ्ट बंद पडते, कुठल्या घाटात कुणाला मळमळतं, सगळं माझ्या वहीत होतं. लाउरी मात्र सतरा वर्षांची असल्यापासून हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत. मी दर शरद ऋतूत परतले की तिच्या स्वयंपाकघरात बसून फोटो दाखवायचे. ती इस्त्रीने भाजलेल्या हातांनी ते बघायची आणि म्हणायची, "मजा आहे बाई तुझी."

मग ते मतदान आलं. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं. मी राहायच्या बाजूने मत दिलं. लाउरीने बाहेर पडायच्या.

"पगार वाढवा म्हटलं की मालक म्हणतो, नको असेल तर जा, बाहेरून दहा येतील," ती म्हणाली. "मग पडू दे की बाहेर. मला काय फरक पडतो? मी कुठे जातेय?"

महिनाभर आम्ही बोललो नाही. आईने मध्ये पडून मिटवलं. देश मात्र संघातून बाहेर पडला.

साथीची दोन वर्षं सगळंच बंद होतं. पुन्हा सुरू व्हायची वेळ आली तेव्हा मिस्टर बेव्हननी मला ऑफिसात बोलावलं. चेहऱ्यावरूनच कळलं.

"मेनीर, फिरायला तू आजही जाऊ शकतेस," ते म्हणाले. "काम करायला नाही. फ्रान्सचा परवाना वेगळा, इटलीचा वेगळा. मला नाही झेपायचं ते. युरोपातला पासपोर्ट असलेलंच माणूस घ्यावं लागणार. स्कॉटलंडच्या टूर देतो तुला. आयर्लंड अजून संघात आहे. तुझ्या ओळखीत कुणी आहे का, आई किंवा बाप तिकडचा म्हणून आयरिश पासपोर्ट मिळू शकेल असं?"

"नाही," मी म्हणाले. प्रश्न संपायच्या आत लाउरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला होता, तरी म्हणाले.

पण कॉन्वी केवढंसं गाव! मिसेस बेव्हनचे पडदे लाउरीच्याच लाँड्रीत यायचे, तिथूनच तिला कळलं. जानेवारीत लाउरी माझ्या दारात उभी राहिली. एका हातात मनुकांचा पाव, दुसऱ्या हातात नवा कोरा तांबडा आयरिश पासपोर्ट.

"भामट्याने काहीतरी दिलं बघ शेवटी!" ती हसत होती. मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. "मेनीर, तुला चालत नसेल तर मी नाही म्हणते त्यांना. खरंच."

"मला काय न चालायला?"

"मग तुझी वही देशील? मला तर काहीच येत नाही गं."

मी म्हटलं, उद्या देते. त्या दुपारी टेबलापाशी बसून वही चाळली. इटलीच्या तलावापलीकडे लिंबांच्या बागांचं एक गाव आहे. तिथे धक्के दोन. चर्चसमोरच्या धक्क्यावरून आमची परतीची बोट सुटते, आणि गाड्या चढवायचा एक धक्का मागे, वाहनतळाच्या पलीकडे. एखाददुसरं म्हातारं माणूस हमखास मागच्या धक्क्यावर जाऊन बसतं. मी तांबड्या शाईने लिहून ठेवलं होतं: *बोटीतून उतरताना धक्का बोटाने दाखवायचा, दोनदा.* ते पान मी फाडलं, चार तुकडे करून खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी वही तिला दिली.

एवढ्यावर थांबले नाही. तिच्या पहिल्याच टूरचं तिकीट काढलं, प्रवासी म्हणून. बहिणीला आधार, असं सगळ्यांना सांगितलं. लाउरीने तर मला मिठीच मारली. मला तिची फजिती डोळ्यांनी बघायची होती.

फ्रान्सची बोट पकडायला डोव्हर बंदरात पोचलो, तिथे माझीच फजिती झाली. लाउरी तांबडा पासपोर्ट दाखवून दोन मिनिटांत पार झाली. मी म्हाताऱ्यांबरोबर लांबलचक रांगेत. फ्रेंच अधिकाऱ्याने मला विचारलं, कशाला चाललात, किती दिवस, परत कधी? मग शिक्का मारला. एकोणीस वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. पलीकडे लाउरी हात हलवत उभी होती, आणि आमचा ड्रायव्हर इद्वाल तिला कॉफी देत होता. प्रत्येक प्रवासात पहिली कॉफी तो मला आणून द्यायचा.

बसमध्ये तिने माइक हातात घेतला आणि चुकांवर चुका केल्या. घाटाची उंची चुकली, राजाचं नाव चुकलं. मी तिसऱ्या रांगेत बसून मनातल्या मनात मोजत होते. पण लोकांना त्याचं काहीच नव्हतं. ती म्हणायची, "राजाचं मला माहीत नाही, पण मळकी चादर बघून माणूस कसा आहे ते सांगते," आणि लाँड्रीतले किस्से सांगायची. अख्खी बस हसून लोळायची. बेटी आणि ग्वेनेथ, वर्षानुवर्षं माझा हात धरून बसमधून उतरणाऱ्या दोघी मैत्रिणी, आता "लाउरी, अगं लाउरी" करत होत्या. माझ्या छातीत नुसती आग.

चौथ्या दिवशी आम्ही त्या लिंबांच्या गावी गेलो. बोटीतून उतरताना लाउरीने सांगितलं, "पाच वाजता धक्क्यावर!" कुठल्या, ते नाही सांगितलं. तिला माहीतच नव्हतं.

पाचला सगळे चर्चसमोर जमले. बेटी आणि ग्वेनेथ नाहीत. वीस मिनिटांनी शेवटची बोट. लाउरी गल्ल्यांमधून धावून आली, घामाघूम. फोन लागेना. मी बाकावर बसून होते. मागच्या धक्क्यावर बघ, इतकंच म्हणायचं होतं. तीन शब्द. बोट काठाला लागली तरी ते तोंडातून निघाले नाहीत.

"मेनीर," ती माझ्यापाशी आली, "तू यांना घेऊन पलीकडे जा. इद्वाल बस घेऊन उभा आहे. मी थांबते."

"मी प्रवासी आहे, लाउरी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला इथे काम करायला बंदी आहे."

 माणसं चुळबुळली. एक निवृत्त मास्तर पुढे झाले, "मी नेतो सगळ्यांना, पोरी, तू काळजी करू नकोस." तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बेटीला साखरेचा आजार आहे ना? दुपारचं खाणं चुकलं की तिला चक्कर येते."

हे मला माहीत होतं. वहीतही होतं, दुसऱ्या पानावर. पण बाकावर बसल्यापासून मला बेटी आठवलीच नव्हती, फक्त लाउरी दिसत होती. मी उठले आणि धावत सुटले. पन्नाशीच्या बाईने त्या दगडी उतारावरून धावू नये, पण धावले. लाउरी माझ्या मागे.

बेटी मागच्या धक्क्यावर भिंतीला टेकून बसली होती. अंगाला दरदरून घाम, हात कापत होते, ग्वेनेथला ओळखत नव्हती. मी गुडघ्यांवर बसले आणि मला काही सुचेना. लाउरीने शेजारच्या टपरीवरून लिंबाच्या सरबताची बाटली उचलून आणली, बेटीचं डोकं छातीशी धरलं आणि घोट घोट पाजलं. "लाँड्रीत आमच्या एकीला असंच व्हायचं," ती म्हणाली. "घे, बेटी, अजून एक. शहाणी माझी." पंधराएक मिनिटांनी बेटीने डोळे नीट उघडले आणि विचारलं, "बोट गेली का गं?"

गेली होती. आम्ही टॅक्सी करून तलावाला वळसा घातला. मागे दोघी म्हाताऱ्या एकमेकींवर डोकं टेकून झोपल्या.

"तू सरळ तिकडेच धावलीस," लाउरी हळूच म्हणाली. "वहीत तर हा धक्का नव्हता."

"होता. पान मी फाडलं."



"सव्वीस वर्षं मी लोकांच्या चादरी धुतल्या," ती म्हणाली. "दर वर्षी तू येऊन फोटो दाखवायचीस. तेव्हा मला काय व्हायचं, विचारलंस कधी? तू घरी गेलीस की मी न्हाणीघरात जाऊन रडायचे."

"आणि मत कुणी दिलं बाहेर पडायला?" माझा आवाज चढला. "माझं काम तुझ्या मताने गेलं, आणि तुझ्याच पदरात पडलं!"

"दिलं मी मत. चुकलं असेल. पान मी नाही फाडलं."

 

उरलेले पाच दिवस ती मला इतर प्रवाशांसारखंच वागवत होती. "मॅडम, सीटचा पट्टा लावा. मॅडम, नाश्ता साडेसातला." कॉन्वीला उतरल्यावर एवढंच म्हणाली, "मिस्टर बेव्हनना सांगणार नाही. पान पाठवून दे." मी चार तुकडे चिकटवून तिच्या दारातून आत सरकवलं. पुढची दोन वर्षं आम्ही एकमेकींना फक्त रस्त्यात दिसलो. मग ग्वेनेथने एका नाताळला दोघींना जेवायला बोलावलं, दुसरी येणार हे न सांगता. तेव्हापासून रविवारी दुपारी एकत्र जेवतो.

मी आता स्कॉटलंडला बस नेते. तीच म्हातारी माणसं, तळ्यांवर धुकं, पाऊस. काम वाईट नाही. पण एप्रिलमध्ये लाउरीची बस इटलीला निघते तेव्हा मी सामान चढवायला जाते आणि बस हलायच्या आत घरी परतते.

यंदा बसच्या पायरीवरून तिने विचारलं, "एक सीट रिकामी आहे. येतेस?"

"नको."

"का? पाहवत नाही?"

"नाही पाहवत," मी म्हणाले.

ती हसली. "बरं, खरं तरी बोललीस," असं म्हणून ती प्रवासी मोजायला आत गेली.