आधीच कापलेली मांडी

सुरी

धाकटीने स्वतःच्या बॅगेतून आणली होती, टॉवेलात गुंडाळून. माहेरी आता धारेचं काहीच उरलं नव्हतं. मागे दुकानात बाबांनी मांसाबरोबर स्वतःच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं कापली आणि त्यांना ते कळलं नाही. पुडी बांधून त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात दिली, वर म्हणाले, ताजं आहे. तेव्हापासून दुकान दादा एकटा चालवतो. घरातली प्रत्येक सुरी त्याने जिन्याच्या दगडी पायरीवर घासून बोथट केली. इथे टोमॅटो कापत नाहीत, चेंगरतात.

मांडी

डुकराची, खारवलेली, हाडासकट. रात्रभर पाण्यात भिजली, सकाळी उकळली, आता ओट्यावर वाफा सोडत पडली होती. कातडी ओढून काढली की खाली चरबीचा पांढरा थर. दर सणाला ती टेबलाशी उभं राहून बाबा कापत. बाजारात त्यांना सगळे 'कागद' म्हणायचे, कारण त्यांच्या कापातून पलीकडचा दिवा दिसायचा. कागदकडून आण, बाकीचे नुसते तुकडे देतात, असं बोललं जायचं.

यंदा दादाने म्हाताऱ्यांच्या एका संस्थेत त्यांच्यासाठी खाट ठरवली होती. सण झाला की पोचवायचं. धाकटी आली ती भांडायलाच. हातात सुरी देऊन तर बघ, म्हणाली, माणूस तोच आहे. दादा थकलेला होता. म्हणाला, ठीक. सगळ्यांसमोर नीट मांडी कापली, तर खाट सोडतो.

दार

"लाव ना वहिनी."

"का गं? चोरी करतेयस?"

"आधीच कापून ठेवते. हाडापर्यंत. मग दोऱ्याने आवळायची आणि वरून मध-साखरेची जाड तकाकी चढवायची. बाबांनी सुरी टेकवली की काप आपोआप सुटतील."

"आणि तुझ्या दादाने विचारलं तर मी काय सांगू?"

"काही नाही."

"ते जमेल. या घरात आल्यापासून तेच करतेय."

"रागावलीस?"

"मी कशाला रागावू? तू दोन दिवसांची पाहुणी. दुरून डोंगर साजरे. परवा मी चहा गाळत होते, तर बाबा मागे येऊन उभे. म्हणतात, बाई, किती देऊ?"

"थट्टा केली असेल. त्यांना सवयच आहे."

"मीही हसले. मग ते वजनकाटा शोधायला लागले." वहिनीने गॅस बारीक केला. "तो दोरा भिजवून घे. ओव्हनमध्ये जळेल नाहीतर."

दोरा

ओला, पांढरा, दुकानातलाच. धाकटीने मांडी अर्धी कापली, एका बाजूने, एकेक काप सुटा. दुसऱ्या बाजूला हात लावला नाही, तेवढं कुणी खाणार नव्हतं. बाबांसारखं पातळ तिला जमत नव्हतं. काही काप जाड झाले, एक फाटला. वहिनी न सांगता पुढे आली आणि दोन्ही तळव्यांनी मांडी दाबून धरली. धाकटीने गाठ मारली.

"जखमेला पट्टी बांधतोय असं वाटतंय," धाकटी म्हणाली.

"बोलू नकोस. आवळ."

तकाकी

मध, मोहरीची पेस्ट, तांबूस साखर. कढईत खदखदून ती इतकी दाट झाली की चमच्यावरून पडेना. ब्रशने एक थर, ओव्हन, पुन्हा एक थर. मग दोरा काढला आणि त्याच्या वळांवर आणखी एक. शेवटी न कापलेल्या चरबीवर चौकडी पाडून चौकडीच्या मध्यावर लवंगा खोचल्या, म्हणजे लक्ष तिकडे जाईल. बाहेर आली तेव्हा मांडी आरशासारखी चमकत होती. एकही चीर दिसत नव्हती.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," वहिनी म्हणाली. मग तिने दार ओढून घ्यावं तसा चेहरा बंद केला आणि ताटल्या मांडायला गेली.

बाबा

इस्त्रीचा शर्ट घालून आले. बटणं दादाने लावली होती.

"कुणी केली?"

"मी, बाबा."

"रंग बरा आलाय. तुझ्या आईला कधी जमला नाही. बिचारी मेली, पण मांडी करपवायची सोडली नाही."

सगळे हसले. दादासुद्धा. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं, ऐकलंस ना, अशा नजरेने.

दादाने घरातली लांब सुरी त्यांच्यापुढे ठेवली. बोथट. बाबा उभे राहिले, डावा हात मांडीवर ठेवला, सुरी टेकवली. तकाकी कुरकुरली आणि पहिला काप हळूच आडवा झाला. मग दुसरा. ते ताटल्यांत वाढत गेले, आधी सुनेला, मग मुलीला, मग मुलाला, जसे नेहमी वाढत. दादाने घास घेतला. बराच वेळ चावला.

"बरं," तो म्हणाला.

बस, एवढंच. धाकटीला टेबलाखाली वहिनीचा पाय लागला. चुकून लागला की मुद्दाम, ते तिला कळलं नाही.

इथे

जेवण संपायला हवं होतं.

ताटली

बाबांनी स्वतःची उचलली. त्यांनी अजून काही वाढून घेतलं नव्हतं. अंगठा सुरीच्या पात्यावरून आडवा फिरवला.

"हिला धारच नाही," ते म्हणाले.

जन्मभर खाटकाचं काम केलेल्या माणसाच्या हाती बोथट सुरी दिली, आणि तो अंगठा फिरवेल हे तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

त्यांनी ताटली पालथी केली. चिनी मातीच्या ताटलीच्या बुडाला खरखरीत कडा असते. तिच्यावर त्यांनी पातं ओढलं. एकदा इकडून, एकदा तिकडून, मनगट न हलवता. सर्र. सर्र. शर्टाचं बटण न लावता येणारे हात, पण पातं एकदाही वाकडं गेलं नाही. दादा अर्धवट उठला होता. धाकटीने त्याच्या बाहीला धरून खाली बसवलं.

"बघ ना," ती कुजबुजली. "बघ तरी."

बाबांनी मांडी फिरवली. न कापलेली बाजू. सुरी चरबीतून, लवंगांच्या मधून सरळ उतरली आणि पात्यावर काप आला. त्यांनी तो दिव्यापुढे धरला. पलीकडचा दिवा दिसत होता.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा वेळ दोरा आवळत बसलो, आणि गरजच नव्हती.

दुसरा काप. तिसरा. डावा हात मांडीवरून सरकत पात्याच्या वाटेत येत होता, ती आखूड बोटं, आणि बाबांचं लक्ष हाताकडे नव्हतं. कुठेच नव्हतं. तोंडातल्या तोंडात ते काहीतरी पुटपुटत होते. दादा पुन्हा उठला, पण तो टेबलाच्या पलीकडे होता. धाकटीने आपला हात त्यांच्या बोटांवर ठेवला. पात्याखालीच.

"बाबा, पुरे."

सुरी थांबली. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग तोंडाकडे. फार नम्रपणे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "किती देऊ?"

बाई

तिघंही तिच्याकडे बघत होती. वहिनीने हळूच मान हलवली: ओढू नकोस हात.

"एवढंच पुरे," धाकटी म्हणाली. "बांधून द्या."

"हाड नको? सुपाला?"

"नको. बांधून द्या."

बांधायचं म्हणजे कागद हवा. बाबांनी सुरी खाली ठेवली आणि कागद शोधायला लागले. दादाने टेबलावरून वाकून सुरी उचलली, पाठीमागे धरली. बाबांना कागद सापडला नाही, म्हणून त्यांनी जेवणाचा रुमाल घेतला, पातळ काप त्यात ठेवले, चारी कोपरे दुमडले. पुडी नेटकी झाली.

"घरी कोण कोण आहे?"

"वडील आहेत."

"दात आहेत का त्यांना?"

"आहेत थोडे."

"मग चालेल. पातळ कापलंय." पुडी तिच्या हातावर ठेवली. "ताजं आहे."

ती पुडी घेऊन बसून राहिली. बाबा उभेच राहिले. गिऱ्हाईक जाईपर्यंत ते कधीच बसत नसत. त्यांचे पाय थरथरायला लागले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण जायला हवं. ती उठली, दार उघडून बाहेर जिन्यात आली. कापांची चरबी रुमालाला लागली होती.

आतून बाबांचा आवाज आला.

"पुढचं कोण?"

आत एक खुर्ची मागे सरकली.

मग दादा म्हणाला, "मी."