हत्तीच्या कपाळावरचे तीन दाणे

नाणं दोऱ्याला बांधून कारखान्याचे मालक योगेंद्रजी यांनी ते पाण्यात सोडलं. ते ग्लासाच्या तळाला टेकू नये म्हणून त्यांचा हात हवेतच अवघडला होता. ग्लासाखालच्या काट्यावर आकडा हलला आणि थांबला. दोन पॉइंट तीन पाच.

"चांदी होती तो कितना आता, काका?"

"एक पॉइंट नौ," नरहर म्हणाला.

वीस ग्रॅम चांदी तेवढंच पाणी बाजूला सारते. पितळ हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला जागा जास्त घेतं. चुंबकानं काही कळलं नव्हतं. चांदीला तो चिकटत नाही, तसा पितळालाही नाही. वजनही बरोबर होतं. नाणं फक्त केसभर जाड होतं आणि वरून चांदीचा मुलामा होता. पाटणच्या एका बाईनं ते मोडायला सराफाकडे नेलं आणि सराफ ते घेऊन थेट रिछाईत चांदीची नाणी पाडणाऱ्या या कारखान्यात आला, कारण त्यावरची गजलक्ष्मी इथली होती.

"छाप तो अपनी ही है न?"

"अपनी है."

"मतलब विष्णू." योगेंद्रजींनी दोरा सोडून दिला. "शाम को प्रेस वही चलाता है. चाबी उसी के पास. कल थाने में दे देता हूँ."

विष्णूला सकाळीच घरी पाठवलं होतं. जाताना तो प्रेसवरचं आपलं फडकं घडी करून ठेवून गेला होता.

चांदीवर चित्र उमटवणारा पोलादी ठसा, म्हणजे डाय, इथे नरहरच कोरायचा. त्यानं भिंग डोळ्याला लावलं. मागच्या बाजूचं फूल आणि वजनाचे आकडे कोणीही कोरले असते. पण पुढच्या हत्तीच्या कपाळावर तीन बारीक दाणे होते, वर आलेले. नाण्यावर उंचवटा, म्हणजे डायवर खड्डा. प्रेसवरची डाय त्यानं आजच पुसली होती. ती आरशासारखी होती, एकही खड्डा नव्हता.

"घर ले जाऊँ?" त्यानं विचारलं. "आराम से देखता हूँ."

आरामात काहीच झालं नाही. सिग्नलला त्यानं नाणं खिशातून काढलं, ठेवलं, पुन्हा काढलं. मागच्यानं हॉर्न वाजवला.

बाद झालेल्या डायचं तोंड ग्राइंडरवर घासून सपाट करायचं, हा कारखान्याचा नियम. गजलक्ष्मीची जुनी डाय कडेचे मणी झिजल्यामुळे बाद झाली, ती नेमकी गेल्या वर्षीच्या खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी. हत्यारांच्या पूजेत लागलेलं हळदकुंकू तिच्यावर तसंच होतं. नरहरनं ग्राइंडर सुरू केला, लक्ष्मीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बंद केला. 'घिस दी' असं योगेंद्रजींना सांगून तो ती घरी घेऊन आला.

आज घरी आल्या आल्या त्यानं पाहिलं, डाय देव्हाऱ्यात होती. जागच्या जागी. क्षणभर त्याला हायसं वाटलं.

मग त्यानं परातीतला कणकेचा गोळा उचलला.

"अहो, पोळ्यांची कणीक आहे ती!" हेमलता म्हणाली. "अन् बिना हातपाय धुता देवाला काहून हात लावून राहिले?"

त्यानं गोळा डायवर दाबून अलगद सोडवला. कणकेतल्या हत्तीच्या कपाळावर तीन दाणे होते.

"हिला रोज पाणी घालते तू?"

"देवाला आंघोळ नाही घालायची का?"

"कोरडी करून तेलाचा हात लाव म्हटलं होतं ना. गंज खाऊन राहिला तिला. घराबाहेर कधी गेली होती ही?"

"श्रावणात आनंदनं नेली होती. म्हणे, पॉलिश करून आणतो. मला बरं वाटलं, पोराचं देवाकडं लक्ष तर आहे."

आनंदचं नर्मदेच्या ग्वारीघाटावर पूजेच्या सामानाचं दुकान होतं. तो आला तेव्हा नरहरनं नाणं कणकेशेजारी ठेवलं. आनंदनं पाहिलं आणि खुर्ची ओढता ओढता सोडून दिली.

"चढाव्याची आहेत ती, बाबा. लोक घेतात अन् नर्मदेत टाकतात. पाण्यातून काढून कोण तपासून राहिलं?"

"चांदीची म्हणून विकली?"

"चांदीची समजून घेतली त्यांनी."

"पाटणच्या बाईनं टाकलं नाही. जपून ठेवलं."

"अरे यार." आनंदनं नाणं उलटं करून ठेवलं.

"विष्णूला उद्या पोलिसात देऊन राहिले."

"सुटेल ना तो. त्याच्याजवळ काय सापडणार आहे? तुम्ही सांगितलं तर तुम्हीच अडकाल. कोणी घासली नाही ती? तुम्ही."

हे खरं होतं. नरहर अंगठ्यानं कणकेतला हत्ती पुसत राहिला.

"अहो," हेमलता हळूच म्हणाली, "सकाळी घाटावर जा अन् नदीत सोडून या. देवाची वस्तू नदीत गेली, झालं."

सकाळी त्यानं डाय लाल कापडात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवली. हेमलतेनं सोबत फुलं दिली. ग्वारीघाटाच्या वळणाशी तो थांबला, इंजिन बंद केलं, सुरू केलं, पुन्हा बंद केलं. फुलवाल्यानं विचारलं, "माला दूँ, भैया?" त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि स्कूटर वळवली.

कारखान्यात टेबलावर कापड उघडल्यावर योगेंद्रजींनी डाय उचलून उजेडात धरली.

"ये तो आपने घिस दी थी न?"

"नहीं घिसी."

"घर से कौन ले गया?"

नरहरनं कापडाच्या घडीत अडकलेलं फूल काढून खिशात घातलं. "मेरा लड़का. पर पहले विष्णू को बुलाओ जी."

विष्णू दुपारी आला. नरहरकडे न बघता प्रेसपाशी गेला आणि त्यानं फडक्याची घडी मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आनंद पोलिस ठाण्यातून परतला नव्हता. नरहरला कारखान्यात यायला सांगितलं नव्हतं, येऊ नका असंही नाही. बूट घालून तो खुर्चीच्या टोकावर बसला होता. हेमलता कालपासून त्याच्याशी बोलली नव्हती. ती देवांना आंघोळ घालत होती. एकेकाला पुसून जागेवर ठेवत होती. शेवटी सवयीनं तिनं पळीभर पाणी देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात, डायच्या जागी सोडलं. तिथे आता पांढऱ्या फरशीवर गंजाचा गोल डाग तेवढा होता.

तिचा हात थांबला. मग पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळून तिनं तो डाग कोरडा केला, अगदी कडेपर्यंत.