बोटभर बर्फ

मध्य प्रदेशातल्या डही गावाजवळच्या शेतातल्या खोलीत अण्णा एकटे राहत. तिथे वीज नव्हती. छपरावरच्या सोलरवर एक छोटा फ्रिज चाले. त्या रविवारी त्यांची मुलगी विद्युल्लता देवासहून त्यांना भेटायला आली, तेव्हा फ्रिजच्या आत बोटभर बर्फ साचला होता.

"अण्णा, बंद करून एकदा वितळू द्या ना."

"ऊन आहे तोवर थंडी साठवून घ्यावी, बाई. रात्री तुझा सूर्य येणार आहे का?" असं म्हणत त्यांनी बटण आणखी पुढे फिरवलं. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? ती चहा पिऊन निघाली.

त्याच आठवड्यात फ्रिजमधलं त्यांचं मधुमेहाचं इन्सुलिन गोठलं. अण्णांनी ते उन्हात वितळवलं आणि रोज टोचत राहिले. त्यात जोर उरलाच नव्हता. शेजारच्या गणोजींना ते बेशुद्ध सापडले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर विद्युल्लता खोली आवरायला आली.

"ताई, गरम पानी ले आऊं?" गणोजींनी विचारलं.

"नको." तिने उलथनं घेऊन बर्फावर घाव घालायला सुरुवात केली. कपच्या उडाल्या, बोटं सोलली.

"एवढे शिकलेले तुम्ही, अण्णा, आणि गोठलेलं औषध टोचता? कुणाला विचारावंसं नाही वाटलं?"

विचारायला जवळ होतं कोण? तिचा हात थांबला.

"माझ्याकडे राहायला या, असं मी एकदाही म्हटलं नाही, अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणाल, या भीतीने."