पाच तासांचं काम

बाजारात मला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत मी कधी शिकवलं नाही, शिकलोही बेताचंच. पण गिऱ्हाईक दारात आलं की यंत्र दाखवण्याआधी मी त्याला अर्धा तास शिकवतो, म्हणून हे नाव पडलं. एकतीस वर्षं लोकांच्या घरात गारवा आणि ऊब बसवण्याचा माझा धंदा. आणि माझ्या स्वतःच्या घरात काय होतं, तर एक टेबलफॅन आणि विजेच्या दोन शेगड्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तसं घर बांधलं तेव्हा मी छतातून हवा खेळवायचे पत्र्याचे डक्ट टाकून ठेवले होते. बाहेर भिंतीलगत सिमेंटचा ओटाही करून घेतला होता. त्यावर नंतर एक पॅकेज एसी बसवायचा, म्हणजे सगळं यंत्र एकाच डब्यात. उन्हाळ्यात तोच डबा थंड हवा देणार आणि हिवाळ्यात गरम. हे 'नंतर' काही बावीस वर्षं आलं नाही. आधी मुलीचं शिक्षण, मग तिचं लग्न, मग धंद्याची गाडी, आणि खरं सांगायचं तर आळस. बायकोने प्रत्येक खोलीतल्या डक्टच्या तोंडावर पुठ्ठा लावून टाकला, ओट्यावर कुंड्या मांडल्या. कुणी पाहुण्याने वर बघून विचारलं की ती सांगायची, आमच्याकडे एसी येणार आहे. सांगताना माझ्याकडे बघायची नाही, पण हसायची.

पावसाळा सरता सरता तिचं दुखणं कळलं. रक्ताचं होतं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला सरळ. औषधं दुखणं थोडं थोपवतील, घालवणार नाहीत, असं तिने आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. वर्षाचा हिशोब धरू नका, हा हिवाळा नीट जावा एवढं बघा, म्हणाली. आणि तो नीट जायचा तर हिला थंडी लागता कामा नये. छातीत एकदा कफ धरला तर तो सुटणार नाही. शेगडीवर भागणार नव्हतं. शेगडीजवळ भाजतं आणि दारापाशी गारठतं. सगळं घर सकाळ-संध्याकाळ एकसारखं उबदार पाहिजे होतं.

तिसरी म्हणजे आमची लेक. ती गाडीने आठ तासांच्या अंतरावर राहते. परतताना गाडीतच तिने सांगून टाकलं की आईला मी घेऊन जाते, आमच्या इमारतीत सगळीकडे हीटिंग आहे. मागच्या सीटवरून बायको म्हणाली की ती कुठेही जाणार नाही, आपल्याच घरात राहणार, बाबांचा धंदाच तो आहे. मायलेकींची बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं असं की थंडी पडायच्या आत घर गरम झालं तर आई इथे, नाहीतर लेकीकडे. हाताशी सात आठवडे होते. मला हसू आलं. एसीवाल्याच्या घरात एसी बसवायला सात आठवडे?

दुसऱ्याच दिवशी मी घर मोजलं. टेपचं दुसरं टोक धरून बायको खुर्चीत बसली होती आणि मी आकडे नीट लिहितोय ना हे बघत होती. अडीच टनाचा डबा पुरणार होता. मग मी गोट्याच्या गोदामात गेलो. गोट्या हा आमचा घाऊक दुकानदार, वय साठ, नातवंडं झाली तरी गोट्याच. त्याच्याकडे अडीच टनाचा एक स्वस्तातला डबा तयार उभा होता. गरम हवेसाठी आत विजेच्या तारा बसवायच्या, बाकी काही नाही. गोट्या म्हणाला, आज घेऊन जा, उद्या ऊब.

मी त्या डब्याला टिचकी मारली तर तो पापडासारखा वाजला. पत्रा पातळ, कॉइल पातळ, पंख्याला खडखड. आणि त्या तारा म्हणजे निव्वळ टोस्टर, मीटर भिंगरीसारखं फिरणार. असला डबा घ्यायला आलेल्या शेकडो गिऱ्हाइकांना मी हेच सांगून परत पाठवलं होतं. गोट्याला म्हटलं, हा माझ्या दारात शोभायचा नाही. दुसऱ्या दुकानात गेलो, तिथल्याचा आवाज आवडला नाही. तिसऱ्याची पाण्याची नळी चुकीच्या बाजूला निघत होती. नावडतीचं मीठ अळणी, तसं चाललं होतं. संध्याकाळी घरी आलो की बायको विचारायची, आज कुणाला नावं ठेवून आलात? मीही रंगवून सांगायचो. तिला हसताना पाहून बरं वाटायचं, आणि त्यात तीन आठवडे गेले.

मग एका दुपारी मी दुकानांतून आणलेली सगळी माहितीपत्रकं ती जेवणाच्या टेबलावर पसरून बसली. चष्मा लावून एकेक वाचलं. गोट्याच्या गोदामातल्या त्या डब्याच्या चित्रावर तिने बोट ठेवलं.

"यात काय वाईट आहे?"

मी माझा अर्ध्या तासाचा धडा सुरू केला. तारांची गरमी महाग पडते. याचा कंप्रेसर सात-आठ वर्षांत बसतो. त्यापेक्षा हा मोठ्या कंपनीचा बघ, हा बाहेरच्या हवेतलीच उष्णता ओढून आत आणतो, वीज निम्मी खातो, आवाज नाही, पंधरा वर्षं त्याच्याकडे बघायला नको. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. एखाद्या गिऱ्हाइकानेही इतकं कधी ऐकलं नसेल.

"मला त्याच्याबरोबर पंधरा वर्षं नाही काढायचीत," ती म्हणाली. "हा एक हिवाळा काढायचाय."

मी उठलो. बाहेर जाऊन गाडी धुवायला लागलो, जी सकाळीच धुतली होती. राग आला होता, पण तो तिचा नव्हता. मी घाबरलो होतो. तो स्वस्तातला डबा आणणं म्हणजे, तुला एकच हिवाळा आहे हे मला कबूल आहे, असं तिच्या तोंडावर सांगणं होतं. ते मला जमणार नव्हतं. पंधरा वर्षांचं यंत्र दारात उभं राहिलं तर पंधरा वर्षंही कुठूनतरी येतील, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. एवढा यंत्रातला माणूस मी, आणि असं खुळ्यासारखं!

मी तो मोठ्या कंपनीचा मागवला. गोट्याने फॉर्म पुढे केला, मी उभ्या उभ्या भरला, दोन आठवड्यांत माल येईल असं तो म्हणाला. बायकोला सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि पुठ्ठे काढायला लागली. तिला हात वर धरवत नव्हते, म्हणून मी काढले आणि तिने खालून झेलले.

डबा दोन आठवड्यांनी खरंच आला. मी खोका उघडला आणि पाटी वाचली. यंत्र थ्री फेजचं होतं. आमच्या घराला सिंगल फेज. ते या विजेवर चालणारच नव्हतं. मी गोट्याच्या अंगावर धावून गेलो. त्याने माझा फॉर्म काढून समोर ठेवला. थ्री फेज, माझ्याच अक्षरात. एवढं भारी यंत्र मी आजवर फक्त बँकांमध्ये आणि हॉटेलांमध्ये बसवलं होतं. तिथे थ्री फेजच असतं. हाताला सवय, हाताने लिहून टाकलं. ते लिहिताना मी माझं घर पाहिलंच नव्हतं.

गोट्या तेव्हाही म्हणाला, मास्तर, तो दुसरा अजून उभा आहे, घेऊन जा. मी म्हटलं, नाही. बदलून मागव. आता मागे फिरलो तर सगळ्या बाजारात हसं होईल, असंही वाटलं, ते कशाला लपवू? घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, एवढंच ती म्हणाली. माझ्या पाठीवरून तिने हात फिरवला. हात थंडगार होता.

थंडी त्या वर्षी आठ दिवस आधी आली. सकाळी गाडीच्या काचेवर पांढरं जमलेलं दिसलं. आणखी शेगड्या आणल्या. तीन एकदम लावल्या की ब्रेकर पडायचा, मग एक बंद करून दुसरी. बायको दोन स्वेटर, शाल आणि मोजे घालून खुर्चीत बसायची आणि मी तिच्याभोवती शेगड्या सरकवत फिरायचो. तिसऱ्या दिवशी ती खोकली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

रात्री मी लेकीला कळवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. तिने माझ्याशी भांडावं असं मला वाटत होतं, पण ती भांडली नाही. बॅग भरली, औषधं मोजून घेतली. बायको हळूहळू सगळ्या खोल्यांतून फिरली. स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिली. साखर कुठल्या डब्यात, जाडे टॉवेल कुठल्या कप्प्यात, हे मला ठाऊक असलेलं सगळं तिने मला पुन्हा सांगितलं. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, "बसवलात की कळवा. मी लगेच येते." लेकीने काच वर केली, तिला वारा लागू नये म्हणून.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तसा मी तडक गोट्याकडे गेलो आणि तो स्वस्तातला डबा गाडीत घातला. गोट्याने एकही विनोद केला नाही. तारांचा हीटर वेगळ्या खोक्यात येतो, तोही त्याने आठवणीने दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, मदतीला बोलावलं. तो पोस्टात आहे, त्याला यातलं काही कळत नाही, पण ताकद आहे. साडेदहाला आम्ही ओट्यावरच्या कुंड्या हलवल्या. डबा चढवला, डक्टला जोडला, सांध्यांना टेप मारली. हीटरचं किट आत सरकवलं, जाड वायर ओढली, साठ अँपिअरचा ब्रेकर बसवला. भिंतीवर थर्मोस्टॅट लावला, जिथे तिच्या हाताला सहज येईल तिथे. साडेतीनला चालू केला. आधी तापलेल्या धुळीचा वास आला, तो पहिल्यांदा येतोच. मग सगळ्या खोल्यांतून गरम हवा उतरायला लागली. खडखड होती, पण तासाभरात घरात चोवीस अंश झाले. मोरीतही चोवीस.

पाच तास. मी जवळजवळ सात आठवडे घालवले होते, आणि काम पाच तासांचं होतं. बैल गेल्यावर झोपा बांधणाऱ्यांना मी जन्मभर हसलो. मी तसाच ओट्यापाशी बसलो आणि रडलो. मेहुणा शेजारी उभा होता. त्याने पाना तेवढा माझ्या हातातून काढून घेतला.

मग लेकीला फोन लावला. म्हटलं, झालंय, रविवारी आईला घ्यायला येतो. ती म्हणाली, पोचल्यापासून आईला ताप आहे. छातीत कफ आहे, सकाळी ऑक्सिजन लावला. इथले डॉक्टर म्हणतात, एवढ्या लांबचा प्रवास आता नाही. या महिन्यात नाही का, मी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, नाही." मी म्हटलं, तिला दे.

बायकोचा आवाज लहान झाला होता. मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबत होती.

"कुठला आणलात?"

"गोट्याकडचा. तू म्हणत होतीस तो."

"मग आधी का नाही हो आणलात?"

तिने रागाने विचारलं असतं तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना उत्तरंच देत आलो होतो. पण ती खरंच विचारत होती.

"तो आणला असता," मी म्हटलं, "तर तू जाणार हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं."

ती म्हणाली, "अहो, जाणार तर मी होतेच. आपल्या घरातून जायचं होतं, एवढंच."

ती तिकडून विचारत होती की घर नीट गरम झालंय का, तुम्ही दुपारचं जेवलात का, भावाला काही खायला दिलंत का. मी हो हो म्हणत गेलो. शेवटी म्हणाली की आता ठेवते, बोलवत नाही.

मी त्याच संध्याकाळी लेकीकडे निघालो. पुढचे नऊ दिवस बायकोजवळ होतो. लेकीकडची ती खोली छान उबदार होती, हीटिंगचा जरासुद्धा आवाज नव्हता. नवव्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "आपण कुठे आहोत?"

मी म्हटलं, "घरी."