चाळीस ओळींचा मालक

कानाच्या यंत्रांच्या कंपनीत ती दोन वर्षं एकाच प्रोग्रामच्या मागे हात धुऊन लागली होती. भांड्यांचा खणखणाट दबावा आणि माणसाचा आवाज तेवढा वर यावा, एवढंच त्याचं काम. आता कंपनी तो कोड साऱ्या जगाला फुकट देणार होती. कुठलेकुठले हौशी लोक त्यावर स्वस्त यंत्रं बनवतील, या विचारानंच तिला हुरूप आला होता. फक्त कंपनीच्या वकीलबाईंची सही राहिली होती, आणि वकीलबाई एकेका ओळीचं कूळ विचारत.

"या चाळीस ओळी कुणाच्या?"

"बाबांच्या," ती सहज बोलून गेली. बाबा निवृत्त रेडिओ दुरुस्तीवाले, हौसेनं प्रोग्रामिंग शिकलेले, स्वतः कानात यंत्र घालणारे. स्वयंपाकघरात बसून त्यांनी त्या लिहून दिल्या आणि हिनं बिनदिक्कत चिकटवल्या.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, म्हणजे त्या कंपनीच्या नाहीतच. जे आपलं नाही ते वाटणार कसं? त्यांची लेखी परवानगी आण, नाहीतर हे सगळं विसर."

बाबा चटकन सही करून मोकळे होतील असं तिला वाटलं होतं. कसलं काय! त्यांनी चष्मा पुसून कागद तीनदा वाचला.

"कोड देताय, पण आवाज वेगळा काढायच्या युक्तीचं पेटंट कंपनीकडेच ना? उद्या कुणी यंत्र बनवलं की त्याला कोर्टात खेचतील. तसं करणार नाही असं लिहून आण, मग सही."

"बाबा, माझी नोकरी घालवाल तुम्ही."

"घालवत नाही. नीट वाचतोय."

ती तणतणत परत गेली. वकीलबाई मात्र हसल्या. "पक्के आहेत गं तुझे बाबा. बरोबर बोलताहेत." मग आठवडाभर साहेबांचं डोकं खाऊन त्यांनी ते वाक्य कागदात घालून घेतलंच.

बाबांनी परवानगीचा फॉर्म भरून, सही करून, घडी घालून दिला. वकीलबाई तो वाचता वाचता थांबल्या आणि तो तिच्यापुढे सरकवला. 'हे लिखाण कशासाठी केलं?' या रकान्यात बाबांच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं, 'जेवताना मुलगी काय बोलते ते कळत नव्हतं. हो हो म्हणून वेळ मारून नेत होतो.'

वकीलबाईंनी सही केली. तिला भडभडून आलं. इतकी वर्षं रोज जेवताना ती त्यांना दिवसभराचं सगळं सांगत आली होती.