दक्षिणेचं दार

घरात लेकीवर स्क्रीनवरून आरडाओरडा करणारी मीच, आणि मंगळवारी सुट्टी असली की श्रियाचा गेम चोरून खेळणारीही मीच. इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये आठवडाभर उभी असते, तेवढा विरंगुळा नको का माणसाला? असं मी स्वतःला समजवायचे. आता काय बोलणार, कप्पाळ!

गेममध्ये जुन्या काळातलं युरोपातलं गाव वसवायचं. ओंडके तोडायचे, गवताने शाकारलेली घरं बांधायची, मग सुताराची, लोहाराची, कुंभाराची कार्यशाळा. सगळं गाव श्रियाचं. अकरा वर्षांची पोर, पण लोहाराची भट्टी घरांपासून लांब हवी, हे तिचं तिलाच सुचलेलं. ओढ्याकाठचं घर मात्र तिने बाबाबरोबर बांधलं होतं, यतिन मागच्या महिन्यात नोकरीच्या गावाहून, गुंगालिनहून, दोन दिवस आला तेव्हा. आत तीन माणसं, त्यांना नावंही आमचीच. आधी बाबाचा फोनही घेत नव्हती, तेव्हापासून मात्र पोरीचा सगळा जीव त्या घरात. फोनवर बाबाला आधी घराची खबर, मग शाळेची.

आणि दार दक्षिणेला!

दोन मंगळवार मी डोळेझाक केली. तिसऱ्या मंगळवारी राहवेना. म्हटलं, पाडू आणि पूर्वेला तोंड करून बांधू, कोणाला कळतंय? पाडलं. तर मेलं अर्धंच लाकूड परत मिळतं, हे मला काय ठाऊक! साठ्यातले ओंडके मीच सकाळी सुतारशाळेत घातलेले. नवीन तोडून आणेपर्यंत गावात हिवाळा आला. पडद्यावर ओळ आली, डोक्यावर छप्पर नाही म्हणून यतिनने गाव सोडलं. त्याच्यामागे आम्ही दोघीही. गेम आपोआप सेव्ह होतो, परतीची सोय नाही.

शनिवारी श्रियाने लॅपटॉप उघडला आणि ओढ्याकाठी पुन्हा पुन्हा शोधू लागली. मी भाजी चिरत होते. मान वर करायची छाती होईना.

"आई, इट्स गॉन. बाबाचं घर," ती म्हणाली. "आय थिंक मीच डिलीट केलं. सोमवारी तू शिफ्टला होतीस ना, तेव्हा मी थोडा वेळ... सॉरी."

आणि मी काय करावं? झापलं तिला! "चोरून खेळतेस? लाज नाही वाटत?" बोलून गेले, आणि माझीच मला किळस आली. तिचे डोळे भरले. मी सुरी खाली ठेवली.

"तू नाही गं. मी पाडलं. मंगळवारी."

"व्हाय?"

"दार दक्षिणेला होतं. चांगलं नसतं ते. घरातली माणसं टिकत नाहीत म्हणतात."

ती आमच्या दाराकडे बघत राहिली. भाड्याचं घर, मिळालं ते घेतलेलं. त्याचं दारही दक्षिणेलाच.

"म्हणून बाबा गेला?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. तो जॉब यतिनला नको होता. श्रिया लहान आहे, म्हणत होता. मीच रोज भांडले, मीच त्याची बॅग भरली, आणि पोरीला सांगितलं की बाबालाच जायचंय.

"नाही," मी म्हणाले. "बाबाला मी पाठवलं. त्याला जायचं नव्हतं."

श्रियाने लॅपटॉप मिटला, माझा फोन उचलला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून तिचा आवाज ऐकू आला.

"बाबा, तुला जायचं नव्हतं? मग मी तुझ्यावर एवढे दिवस का रागावले होते?"