निळ्या फायटरचे सोबती

सून कामावर गेल्यावर अण्णांनी बरणी उचलली आणि हॉलमधल्या मोठ्या टाकीपाशी आणली. बरणीत निळा फायटर मासा होता, त्यांच्या बायकोने पाळलेला. ती गेली आणि अण्णा लेकाच्या घरी राहायला आले, तेव्हा सगळा प्रवास त्यांनी ही बरणी मांडीवर धरून केला होता.

पहिल्याच दिवशी सून म्हणाली होती, "अण्णा, याला माझ्या टाकीत सोडू नका हं. माझे बार्ब मासे खोडकर आहेत. लांब शेपटी दिसली की लचके तोडतात."

ते अण्णांना लागलं होतं. एवढी ऐसपैस टाकी, आत हिरवीगार झाडं, पट्टेरी बार्ब मजेत हुंदडतायत, आणि आपल्या माशाने मात्र बरणीत दिवस काढायचे. जागा द्यायची नाही म्हणून सबबी, दुसरं काय?

त्यांनी बरणी तिरकी केली. फायटर पाण्यात उतरला, शेपटी पसरून झाडांतून फिरू लागला. अण्णांचा जीव सुखावला.

तेवढ्यात एक बार्ब आला आणि शेपटीला चावून पळाला. मग दुसरा आला. मग सगळेच तुटून पडले. निळी चिंधी तरंगत वर आली.

अण्णांनी जाळी घातली. फायटर झाडांच्या बुडाशी घुसला. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला, तशी रोपं मुळासकट उपटून आली आणि पाणी गढूळ झालं. मासा कुठे, पान कुठे, काही कळेना.

दारात किल्ली फिरली. आज सुनेची अर्ध्या दिवसाची ड्यूटी होती, हे ते साफ विसरले होते.

तिने टाकीकडे पाहिलं, मग त्यांच्या ओल्या बाहीकडे. "फायटर आत आहे?"

अण्णांनी होकारार्थी मान हलवली.

"हात हळूच बाहेर काढा." तिने टाकीचा दिवा बंद केला, पडदे ओढले. "अंधारात बार्ब शांत होतात. आणि याला हवा घ्यायला वर यावंच लागतं. आला की धरू."

ती वाडगा घेऊन टाकीवर वाकली. अण्णा श्वास रोखून उभे. फायटर येईना. मेला की काय, हे विचारायचं धाडस त्यांना होईना. मग कोपऱ्यात एक बुडबुडा फुटला आणि तिने अलगद वाडगा खाली सरकवला.

अर्धी शेपटी गेली होती. कल्ले हलत होते.

"ही झाडं वाढायला दोन वर्षं लागली, अण्णा," ती म्हणाली.

"मला वाटलं, तुला आमची अडचण..."

"अडचण असती तर तोंडावर सांगितलं असतं. माशाचं सांगितलं होतं ना?"

त्यानंतर बरेच दिवस दोघं कामापुरतंच बोलत. सून रोज वाडग्यातलं थोडं पाणी बदलायची, अण्णा शेजारी बसून बघायचे. शेपटीच्या कडेला हळूहळू पातळ पापुद्रा धरला. मग एका सुट्टीच्या दिवशी ती म्हणाली, "चला, याला लहान टाकी घेऊ."

माशांच्या दुकानदाराने सोबतीला गप्पी दाखवले.

"नको," अण्णा म्हणाले. "यांच्या शेपट्या झुपकेदार. आमचा निळा यांना दुसरा फायटर समजून भांडेल."

सुनेने वळून पाहिलं. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच. परवा फोनवर कुणाला तरी सांगत होतीस."

शेवटी त्यांनी तळाशी फिरणारे, कुणाच्या वाटेला न जाणारे कोरी नावाचे मासे निवडले.

"झाडं मी लावीन," दुकानाबाहेर सून म्हणाली. "तुम्ही हात घालायचा नाही."

"नाही घालत," अण्णा म्हणाले, आणि माशांची पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली.